स्वामींसाठी विणलेली शाल

"मुलींना देवळात नेतात. पडक्या मठात कोण नेतं?" आत्या स्वयंपाकघरात आईला विचारत होती. तिच्या मते तिनं आवाज हलका ठेवला होता, पण आत्याचा हलका आवाजही शेजारच्या परसापर्यंत जाई. मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून विणत बसले होते आणि सुया मी थांबवल्या नाहीत. सुया थांबल्या की मी ऐकते आहे हे घरातल्यांच्या लक्षात यायचं. त्या चालू असल्या की मी तिथं नसल्यासारखीच. हे मला फार लहानपणी कळलं होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाहुणे आले, काही विचारू लागले, की मी मान खाली घालून टाके मोजायला लागायची. माणसं टाके मोजणाऱ्या मुलीला सहसा दोनदा विचारत नाहीत. आईनं आत्याला काय उत्तर दिलं ते भांड्यांच्या आवाजात बुडालं. मला मात्र त्या मठात जायचं होतं. इतकं, की त्या क्षणी माझ्या हातातला एक टाका सुटला आणि खाली तीन ओळी घरंगळत गेला.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत होतं. ते दिवस थोरल्या महाराजांचे. सकाळी महाराजांचा खडखडा, त्यांची मोठी घोडागाडी, रस्त्यानं गेला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आत्या हातातलं काम टाकून दारात जायची. परत येऊन हात धुवायची, कारण दाराला हात लागलेला असे. आत्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण, विधवा, आणि घरातलं सोवळं-ओवळं तिच्या हातात. मी मडमांच्या शाळेत इंग्रजी शिकत होते, ही तिच्या दृष्टीनं रोजची एक अडचण होती. शाळेतून आल्यावर पुस्तकं बाहेरच्या खोलीतल्या फळीवर, कपडे न्हाणीत, आणि पाय धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. पण लोकर थेट चुलीपर्यंत जाऊ शकत होती. लोकरीला विटाळ नाही, असं आत्याचं शास्त्र. ती स्वतः लोकरीची धाबळी नेसून स्वयंपाक करायची आणि ती धाबळी रोज धुवावी लागत नाही याचा तिला मनातून आनंदही होता. त्यामुळे विणायचा इंग्रजी नमुना छापलेला कागद बाहेर राही आणि मी त्यातली ओळ पाठ करून, लोकरीचा गुंडा घेऊन चुलीपाशी येऊन बसायची. आमटीच्या फोडणीच्या वासात दोन सुलट, दोन उलट करायची. आज मला वाटतं, माझी पाठांतराची शक्ती शाळेनं नाही, आत्याच्या सोवळ्यानं वाढवली.

विणकाम शिकवलं ते आमच्या मिससाहेबांनी. त्या उंच, हाडकुळ्या, आणि बोलताना कधीही घाई न करणाऱ्या. शुक्रवारी दुपारी आम्ही मुली विणत बसायचो आणि त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या. त्यांच्याकडे इंग्लंडातल्या जुन्या मठांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. छपरं उडालेली, कमानी उभ्या, आत गवत माजलेलं. त्या मठांतले साधू शेकडो वर्षांपूर्वी मेंढ्या पाळत, लोकर विकून मठ चालवत, आणि थंडीत तिच्याच जाड कफन्या घालून पहाटे प्रार्थनेला उठत, असं त्या वाचत. बाकीच्या मुलींना भुतांच्या गोष्टी हव्या असत. मला ते साधू आवडले. ते फार बोलत नसत, नेमून दिलेलं काम करत, आणि त्यांच्या अंगावर लोकर होती. मला त्यांच्याबद्दल काही कळायचं राहिलेलं नाही असं वाटण्याइतकी मी त्या पुस्तकाशी एकरूप झाले होते.

आबा दरबारच्या जमीन मोजणीच्या खात्यात होते. साखळी आणि झेंडे घेऊन गावोगाव फिरायचे, आणि मोजणीपेक्षा वाटेतल्या दगडांविषयी जास्त सांगायचे. कुठं शेताच्या बांधाला कोरीव खांब, कुठं विहिरीच्या पायरीला अक्षरं. अशी अक्षरं उतरवून घ्यायची त्यांना हौस, पण हात थरथरायचा. एकदा मी त्यांना विणकामाच्या चौकटीच्या कागदावर, एक चौकट म्हणजे एक टाका धरून, वेलबुट्टी कशी उतरवतात ते दाखवलं. त्यांनी लगेच माझ्यापुढं एका शिलालेखाचा काळवंडलेला ठसा टाकला. मी ती अनोळखी कानडी वळणाची अक्षरं चौकटींत बसवली. एकही अक्षर वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येकाचं वळण मला पाठ झालं. तेव्हापासून आबा मला आपली कारकून म्हणायचे. मला दगड आवडतात का, असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

वडगावच्या पुढं एका गावात जैनांचा जुना मठ आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. चालत्या मठाच्या मागच्या बाजूला ओढ्याच्या काठाला त्याहून कितीतरी जुना, शिलाहार राजांच्या वेळचा मठ होता. तिथं साधूंच्या खोल्या होत्या, एका भिंतीत मोठा लेख होता, आणि दाराला कुलूप होतं. पूर्वी कुणी साहेब येऊन तिथली एक मूर्ती गाडीत घालून घेऊन गेला होता. तेव्हापासून दरबारच्या माणसाला मठाचे स्वामी आत सोडत नसत. आबांनी दोनदा निरोप पाठवला, दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा उत्तर आलं की येऊन भेटा, मग बघू. त्या 'बघू'वर आबा इतके खूश झाले की त्यांनी रात्री जेवताना ताक भातावर ओतायचं सोडून पाटावर ओतलं. लेख उतरवायला मी बरोबर हवी, असं त्यांनी त्याच वेळी जाहीर केलं, आणि तिथून पडक्या मठात कोण नेतं, हा वाद सुरू झाला.

वाद मिटला तो माझ्या विणकामानं. स्वामींकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आबांनाही पटत होतं. नारळ, केळी, साखर हे सगळेच नेतात. तेव्हा मी फार हळू म्हटलं की मी शाल विणू का. माझ्या डोळ्यांपुढं मिससाहेबांच्या पुस्तकातले साधू होते. मठ म्हणजे लोकर हे समीकरण माझ्या मनात इतकं पक्कं होतं की मी ओढ्याकाठच्या त्या मठाभोवती मेंढ्यासुद्धा चरायला सोडल्या होत्या. आत्या एकदम वळली. मला वाटलं आता रागावणार. पण तिचा चेहरा उजळला होता. साधुपुरुषाला द्यायचं तर लोकरच द्यावी, तिला विटाळ नाही, तिच्याइतकं पवित्र वस्त्र दुसरं नाही, असं ती म्हणाली. मडमांची शाळा आणि आमची आत्या यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते ह्या शालीवर. त्या आनंदात तिनं स्वतः बरोबर यायचं कबूल केलं. आमच्या शेजारचे जैन काका थंडीत घोंगडी पांघरून ओट्यावर बसत, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणही नव्हतं. घरसंसारातल्या माणसाची रीत वेगळी आणि व्रत घेतलेल्याची वेगळी, हा विचार आमच्या कुणाच्या मनात आला नाही. जैन लेखांबद्दल तासन्‌तास बोलू शकणाऱ्या आबांच्याही नाही.

लोकर आणायला आबांबरोबर शाहूपुरीत हुसेनभाईंच्या दुकानात गेले. हुसेनभाई गल्ल्याशेजारी पानाचा डबा घेऊन बसलेले असत आणि मला लहानपणापासून ओळखत. मागितलेली लोकर ऐकून त्यांनी आबांना विचारलं की बेटी हत्तीला मोजे विणणार आहे काय. पांढरी विलायती लोकर घेतली आणि त्यांच्याच ओळखीच्या रंगाऱ्याकडून भगवी करून आणली. त्या रंगानं माझी बोटं पुढं कितीतरी दिवस लग्नातली हळद लागल्यासारखी दिसत होती. शाळेत मुली विचारायच्या, मी सांगायची नाही. शालीच्या काठाला मी आबांच्या एका ठशातली वेल घातली. विणताना मला मजा यायची ती ही, की दगडात जे कुणी छिन्नीनं कोरलं ते माझ्या मांडीवर मऊ होऊन उतरत होतं. आता माझी नातवंडं दुकानातले स्वेटर घालतात आणि मी विणलेलं टोचतं म्हणतात. टोचतं हे खरं आहे. पण ती शाल टोचत नव्हती. तितकं चांगलं मी त्यानंतर काही विणलं नाही.

आम्ही छपराच्या दमणीतून गेलो. दमणी मलूतात्याची. तो वडगावकडचा शेतकरी, आबांच्या मोजणीच्या वेळचा ओळखीचा. आम्ही एवढं लांब दगड बघायला चाललोय हे कळल्यावर तो बैलांना ऐकवल्यासारखं म्हणाला, "कोल्लापुरात दगूड न्हाईत व्हय, रावसाब?" आबा हसले आणि त्याला शिलाहारांचा इतिहास सांगू लागले. मलूतात्यानं बैल जोरात हाकले. वाटेत एका आंब्याखाली आम्ही दशम्या, लसणीची चटणी आणि घट्ट दही खाल्लं. लसूण खाल्ल्यावर मठात कसं जायचं म्हणून आत्यानं माझ्या पानातली चटणी काढून आबांच्या पानात टाकली. आबाही मठातच चालले होते हे मी तिला सांगितलं नाही. शाल माझ्या मांडीवर, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली. दर धक्क्याला आत्या तिच्यावर हात ठेवायची आणि वाटेत भेटेल त्या बाईला सांगायची की स्वामींना शुद्ध लोकरीची शाल न्यायची आहे. बायका कौतुकानं मान हलवायच्या. गाव जवळ आल्यावर मात्र एकदोघींनी मान हलवली नाही, नुसतं एकमेकींकडे पाहिलं. मी ते पाहिलं. मला पाहायची सवय होती, बोलायची नव्हती.

मठ थंड आणि स्वच्छ होता. अंगणात पाणी गाळायची फडकी दोरीवर वाळत घातलेली, कुठंतरी गव्हाची खीर शिजत होती. तिकडं तिला हुग्गी म्हणतात, आणि तो गुळाचा वास अंगणभर होता. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची म्हणून बायका लगबगीनं आतबाहेर करत होत्या. स्वामी लाकडी चौरंगावर बसले होते. भगवं सुती वस्त्र, शेजारी जीवजंतू हलकेच बाजूला सारायची मोरपिसांची पिंछी, आणि चेहरा असा की आता हसतील की रागावतील ते कळू नये. बाजूला मठाचे उपाध्ये उभे होते. ते ठेंगणे आणि चपळ, मठाची पूजा आणि किल्ल्या दोन्ही त्यांच्याकडे. कमरेला लटकलेल्या त्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे आबा आणि मी एकाच वेळी पाहिलं. आबांनी लवून नमस्कार केला, येण्याचं कारण सांगितलं. मूर्ती नेणाऱ्या साहेबाशी आपला काही संबंध नाही, आपण फक्त अक्षरं नेणार, दगड नाही, असंही सांगितलं. स्वामी ऐकत होते. मग आबांनी मला खूण केली. मी ताट पुढं ठेवलं. त्यात नारळ, केळी आणि वर माझी शाल.

उपाध्ये ताट उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांनी शालीकडे नीट पाहिलं, हात मागं घेतला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "ह्ये सुताचं हाय न्हवं, रावसाहेब?"

आबा सगळं समजले. ते मी त्यांच्या मानेवरून ओळखलं, ती कानापर्यंत लाल झाली. व्रती माणसाला लोकर चालत नाही, प्राण्याच्या अंगावरची म्हणून ती शिवायचीसुद्धा नाही, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं त्या क्षणी त्यांना आठवलं असणार. आणि त्याच क्षणी किल्ल्याही दिसल्या असणार. ते म्हणाले, हो, हो, सुताचंच. उपाध्यांनी मागं घेतलेला हात आणि आबांचं हे उत्तर यांवरून इथं लोकर चालत नाही हे मलाही कळलं. आत्यानं शेजारी इतका मोठा श्वास घेतला की तो मला ऐकू आला. वाटभर शुद्ध लोकर सांगत आलेली बाई ती. पण स्वामींपुढं भावाला खोटं पाडणं तिला जमेना. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. उपाध्यांनी ताट उचललं आणि चौरंगाकडे नेलं. स्वामींनी भेट स्वीकारल्याची खूण म्हणून हात लावायला उजवा हात पुढं केला. शाल आणि तो हात यांच्यामध्ये वीतभर अंतर उरलं होतं. मी गप्प बसले तर कुलूप उघडणार होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. आबांना लेख मिळणार होता. मला त्या खोल्या दिसणार होत्या. आणि त्या माणसाचं व्रत मी विणलेल्या वस्तूनं मोडणार होतं, त्याला न कळता. हातात सुया नव्हत्या. मान खाली घालायला काही कारण नव्हतं.

मी बोलले. काय बोलले ते शेवटी सांगते. स्वामींचा हात जिथं होता तिथं थांबला. उपाध्यांनी ताट खाली ठेवलं आणि धोतराला हात पुसले. आबांनी डोळे मिटले. मग स्वामी हसले. आधी नुसते खांदे हलले, मग चांगलं पोटातून हसू आलं, आणि आत शिजवणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. शाल मठाच्या गाई राखणाऱ्या म्हाताऱ्या धनगराला द्यावी, त्याला थंडी फार बाधते, असं त्यांनी सांगितलं. मग किल्ल्यांकडे बोट करून उपाध्यांना म्हणाले, "आधी तिला दाखवा. रावसाहेब मागनं येतील."

तसंच झालं. कुलूप गंजलेलं होतं, उपाध्यांना तेल घालावं लागलं, आणि मी आबांच्या पुढं त्या दारातून आत गेले. मेंढ्यांची, कफन्यांची कसलीच खूण नव्हती. ओळीनं लहान लहान खोल्या, प्रत्येकीत एक दगडी ओटा आणि दिव्यासाठी एक कोनाडा. कोनाड्याच्या वरचा दगड काजळीनं अजून काळा होता. मी बोट लावलं तर बोट काळं झालं नाही, इतकी ती काजळी जुनी. ओट्याची कड मध्यावर झिजलेली होती, तिथं कितीजण उठून बसले असतील याचा मी विचार करत राहिले. माझ्या मनातला इंग्लंडातला मठ एकेक टाका उसवत गेला आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. उसवलेली लोकर पुन्हा विणता येते. उपाध्यांनी सांगितलं की साधू फार तर गवत पसरून झोपत, पांघरूण घेत नसत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळी दारं ओढ्याकडे पाठ करून आहेत, वाऱ्याला आत यायला वाट नाही, आणि खोल्या एवढ्या लहान केल्यात त्या ऊब आतच राहावी म्हणून. हे मी आबांना नंतर गाडीत सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि वही काढून टिपून ठेवलं, म्हणजे त्यांना ते पटलं होतं. लेखाच्या माथ्यावर चंद्र, सूर्य आणि वासराला पाजणारी गाय होती. आबा दिवा धरून उभे आणि मी चौकटीच्या कागदावर अक्षरं उतरवत होते. उपाध्ये मधूनच एखादा शब्द लावून दाखवायचे. कुणा राजानं मठाच्या दुरुस्तीला आणि साधूंच्या आहाराला जमीन दिली होती. वस्त्राचा उल्लेख नव्हता. मी मुद्दाम विचारलं. दिवसात दुसऱ्यांदा बोलले, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पहिलं मात्र फार जणांच्या लक्षात राहिलं, आणि प्रत्येकाच्या वेगळ्या तऱ्हेनं. हुग्गी खाऊन आम्ही दमणीत बसलो तेव्हाच मलूतात्यानं ऐकलं होतं की पोरीनं स्वामींचा हात धरला. तो ते वडगावच्या बाजारात वर्षभर सांगत होता. आत्याच्या सांगण्यात मी म्हटलं होतं की महाराज, लोकर सुतापेक्षा पवित्र आहे, पण आपला नियम आपल्याला. पुढं पुढं त्याला ती एक संस्कृत श्लोकही जोडायला लागली. मिससाहेबांना मी काही सांगितलंच नाही, तरी त्यांना कळलं, आणि त्यांनी शुक्रवारचं पुस्तक बाजूला ठेवून मला त्या खोल्यांविषयी विचारलं. आबांचं भाषण सर्वांत लांब होतं. त्यात मी सत्य, इतिहास आणि दरबारची अब्रू यांवर बरंच बोलले होते. आपण सूत म्हणालो हा भाग ते गाळत नसत. उलट तिथं थांबून स्वतःवरच हसायचे. मी कुणाचीच चूक दुरुस्त केली नाही. आता ती सगळी माणसं गेली, तेव्हा खरं काय ते लिहून ठेवायला हरकत नाही. मी स्वामींकडे नाही, चौरंगाच्या पायाकडे बघत होते. मी म्हटलं ते एवढंच:

"हात लावू नका, ती लोकर आहे. आबांना जुना मठ बघायचाय म्हणून ते सूत म्हणाले. मलाही बघायचाय."